सर्पगंधा : शांत करणारी मुळी

रात्रीची जेवणे आटोपली आहेत. घरातले वडीलधारे गृहस्थ अंथरुणावर पडले आहेत, पण डोळ्याला डोळा लागत नाही. डोके जड झाले आहे, छातीत धडधडते आहे. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचे सांगून गोळ्या दिल्या आहेत. त्या चालू आहेत, पण झोप नाही ती नाहीच. अशा वेळी शेजारचे कोणीतरी मायेने एक पुडी आणून देते. "अहो, ही सर्पगंधेची मुळी आहे. थोडं चूर्ण दुधातून घ्या आणि पाहा कशी झोप लागते ती! झाडपाल्याचंच औषध हे. त्यानं अपाय कसला व्हायचा?"

हा प्रसंग तुमच्या घरी घडला नसेल, तर ओळखीच्या एखाद्या घरी घडला असेल. पुडी देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि त्याचे पहिले सांगणे खरेही असते. सर्पगंधेने माणूस शांत होतो, झोप येते, रक्तदाब उतरतो. चुकीचे आहे ते शेवटचे वाक्य. या मुळीत जो पदार्थ शांतता आणतो, तोच पदार्थ बेताबाहेर गेला की अपाय करतो. गुण एकाचा आणि दोष दुसऱ्याचा, असे येथे नाही. हे असे का, ते आज आपण पाहू.

प्रथम वनस्पतीची ओळख करून घेऊ. सर्पगंधा हे गुडघ्याएवढे, फार तर मांडीपर्यंत पोचणारे लहानसे झुडूप. मराठीत तिला अडकई असेही नाव आहे. कण्हेर, तगर, सदाफुली, सातवीण ही तिची भावकी. खोडाच्या एकेका पेरावर बहुधा तीन तीन पाने येतात. लाल देठांवर पांढरी, किंचित गुलाबी छटेची फुलांची गुच्छाळी येते आणि मागाहून वाटाण्याएवढी, पिकल्यावर जांभळट काळी होणारी फळे धरतात. हिमालयाच्या पायथ्यापासून कोकण-गोव्याच्या आणि सह्याद्रीच्या ओलसर रानांपर्यंत ती सावलीत वाढते. पण तिचे खरे धन जमिनीखाली. वळणावळणाची, सुरकुतलेली, पिवळट करड्या सालीची ती मुळी जिभेला लावाल तर विलक्षण कडू लागेल. शास्त्रीय नावातल्या 'सर्पेंटिना' या शब्दातही साप आहे आणि आपल्या नावातही. नावाचा पूर्वार्ध 'राउवोल्फिया' हा सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ ठेवलेला आहे.

साप नावात आला म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. सर्पदंशावर ही मुळी उगाळून देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. तिने सापाचे विष उतरत नाही. साप चावलेल्या माणसाला प्रतिविष टोचले पाहिजे आणि ते इस्पितळातच मिळते. मुळी उगाळण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या जिवावर बेतू शकतो.

आता मुख्य विषयाकडे वळू. बिहारमध्ये ही मुळी 'पागल की दवा' या नावाने बाजारात विकली जाई. भ्रमिष्ट झालेल्या, आरडाओरडा करणाऱ्या माणसाला ती दिली की तो निवतो, हा लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. या अनुभवाला शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहण्याचे काम आपल्याच देशात सुरू झाले. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी चालते, असे त्यांचे म्हणणे. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलिमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी हे मुळीतली द्रव्ये वेगळी करीत होते. त्यांना जी अल्कलॉइडे मिळाली त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमलिन' असे नाव दिले.

अल्कलॉइड हा शब्द आला, तेव्हा त्याचा अर्थ सांगायला हवा. वनस्पतीत तयार होणारी, नायट्रोजन असलेली, बहुधा कडू आणि शरीरावर तीव्र परिणाम करणारी द्रव्ये ती अल्कलॉइडे. चहा-कॉफीतील कॅफीन, सिंकोनाच्या सालीतील क्विनीन, अफूतील मॉर्फीन ही सारी त्यांतलीच. सर्पगंधेच्या मुळीत अशी पन्नासाहून अधिक अल्कलॉइडे सापडलेली आहेत. म्हणजे मुळीचे चूर्ण हे एक औषध नव्हे. ती पन्नास औषधांची मिसळ आहे.

पुढचा धागा मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील हे परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात छापल्या. त्या काळी रक्तदाबावर हुकमी म्हणावे असे औषध डॉक्टरांच्या हाती जवळजवळ नव्हते. त्यामुळे या निबंधाने सगळ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५७ मध्ये अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले, त्यांत डॉ. वकील हेही होते.

डॉ. वकिलांच्या निबंधानंतर तीनच वर्षांनी, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या तिघांनी शांतता आणणारे मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे नाव 'रेसर्पिन'.

हे रेसर्पिन दिसते कसे? पांढरे किंवा किंचित पिवळसर, वास नसलेले बारीक स्फटिक. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ३३, हायड्रोजनचे ४०, नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ९ अणू असतात. रेणुभार सुमारे ६०९. म्हणजे कॅफीनच्या रेणूच्या तिपटीहून जड. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. क्लोरोफॉर्ममध्ये सहज विरघळते. उष्णता दिली तर २६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते वितळते, पण वितळता वितळताच मोडूनही जाते. उजेडाचे त्याला वावडे. उजेडात स्फटिक हळूहळू काळवंडतात, आणि द्रावण असेल तर ते अधिक लवकर बिघडून पिवळे पडते. म्हणून ही औषधे घट्ट झाकणाच्या, उजेड आत न येणाऱ्या बाटलीत ठेवतात. एरवी पुडीतले किंवा खिडकीतल्या काचेच्या बरणीतले जुने चूर्ण किती कसाचे उरले आहे, ते कोणी सांगावे?

रसायनशास्त्रज्ञांनी आणखी एक मौजेची गोष्ट पाहिली. अल्कलीबरोबर तापवले की रेसर्पिनचे तीन तुकडे होतात : रेसर्पिक आम्ल, ट्रायमेथॉक्सिबेंझोइक आम्ल आणि मेथॅनॉल. यांपैकी एकाही तुकड्याच्या अंगी शांत करण्याचा गुण नाही. कुलपाला लागते ती पुरी किल्ली. मोडलेल्या तुकड्यांनी कुलूप उघडत नाही. ही गुंतागुंतीची किल्ली १९५६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट वुडवर्ड यांनी प्रयोगशाळेत मुळापासून घडवून दाखवली. त्या काळच्या रसायनशास्त्रातला तो मोठाच पराक्रम होता.

ही किल्ली आपल्या शरीरातील कोणत्या कुलपाला लागते, ते आता पाहू. सर्व मर्म येथेच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

एक मज्जातंतू दुसऱ्याला निरोप देतो तो रासायनिक द्रव्यांच्या मार्फत. नॉरअॅड्रिनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही अशी निरोपी द्रव्ये. नॉरअॅड्रिनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोराने चालते. डोपामिनमुळे हालचालींना गती आणि मनाला उभारी मिळते. झोप, भूक, मनाची स्थिती यांच्याशी सेरोटोनिनचा संबंध आहे. ही द्रव्ये मज्जातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवलेली असतात. आपल्याकडे धान्य कणगीत भरून ठेवतात तशी. वेळ आली की कणगीतून थोडे काढायचे, उरलेले पुन्हा आत भरायचे, असा व्यवहार अखंड चालू असतो.

रेसर्पिन काय करते, तर कणगीत धान्य भरण्याची वाटच बंद करते. मग बाहेर राहिलेल्या धान्याचे काय होणार? अंगणात पडलेले दाणे पाखरे टिपतात. मज्जातंतूतही अशी पाखरे आहेत. मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर उघड्यावर राहिलेली ती द्रव्ये मोडून टाकते. हळूहळू कणग्या रिकाम्या होतात. निरोप पाठवायला द्रव्यच उरत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मनाची तगमग निवते.

म्हणजे ही शांतता कोठून आली ते ध्यानात घ्या. अंगाईने मूल शांत होते तशी ही शांतता नाही. घरातले धान्य संपले म्हणून चूल थंड झाली, त्या जातीची ही शांतता आहे. चूल फार भडकली असेल तेव्हा ती निववणे हिताचेच असते. पण ती निववावी किती आणि कोणाची, हा सगळा प्रश्न आहे.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली अशी की, कणग्या एका रात्रीत रिकाम्या होत नाहीत. पूर्ण परिणाम दिसायला कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. चूर्ण घेतलेला माणूस तिसऱ्या दिवशी म्हणतो, "काहीच फरक नाही, जरा वाढवूया." आणि तो मात्रा वाढवतो. दुसरी गोष्ट, रेसर्पिनने बंद केलेली वाट सहजी उघडत नाही. मज्जापेशीला नव्या कणग्या विणाव्या लागतात. म्हणून औषध थांबवल्यानंतरही परिणाम कित्येक दिवस, आठवडेही रेंगाळतो. चढते सावकाश आणि उतरतेही सावकाश, अशा औषधाचा अंदाज घरच्या घरी येत नाही.

या द्रव्याने जगाचे किती भले केले, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर अन्याय होईल. १९५४ मध्ये अमेरिकेतील डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णालयातील रुग्णांवर रेसर्पिनचा उपयोग होत असल्याचे प्रसिद्ध केले. जेथे पूर्वी रुग्णांना बांधून ठेवावे लागे, अशा ठिकाणी औषधाने मन निवू शकते, हा विश्वास ज्या पहिल्या औषधांनी दिला त्यांत रेसर्पिन होते. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. रक्तदाब फार वाढलेले १४३ पुरुष त्यांनी निवडले. ७३ जणांना तीन औषधे एकत्र दिली. त्यांतले एक रेसर्पिन. ७० जणांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. या ७० पैकी २७ जणांवर गंभीर आपत्ती ओढवली. औषध मिळालेल्या ७३ पैकी केवळ दोघांवर. रक्तदाब उतरवला की माणूस वाचतो, हे इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणी दाखवले नव्हते. आज जे लक्षावधी लोक रक्तदाबाची गोळी घेतात, त्या रिवाजाच्या पायात आपल्या रानातल्या या मुळीचाही एक दगड आहे.

आता दुसरी बाजू. औषध घेणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत १९५० नंतरच्या दशकातच डॉक्टरांना वेगळे दिसू लागले. रक्तदाब उतरला, पण माणूस उदास झाला. कशात लक्ष लागेना, पहाटे लवकर जाग येऊ लागली, रात्री वाईट स्वप्ने पडू लागली. काहींच्या मनात जीव देण्याचे विचार आले. हे नेमके किती जणांना होते यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्या वेळी मात्रा फार मोठ्या दिल्या जात, आणि ज्यांना पूर्वी उदासीनतेचा आजार होऊन गेला होता त्यांनाच धोका अधिक होता, असे मत पुढे आले. तरी ज्याला असा आजार आहे किंवा पूर्वी झालेला आहे, त्याला रेसर्पिन देऊ नये, हा नियम पक्का झाला.

हालचालींवरही परिणाम दिसला. स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे जागच्या जागी निपचित बसून राहिले, कान लोंबले, हलेनात. मग त्यांनी त्याच सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले. शरीर त्याच्यापासून डोपामिन बनवते. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. १९५७ सालची ही गोष्ट. मेंदूला डोपामिन कशासाठी लागते ते तिने दाखवले आणि कंपवातावर उपाय शोधण्याची वाट खुली केली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. शास्त्राचा केवढा लाभ झाला! पण त्या निपचित सशांचे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. पुडीतले चूर्ण रोज वाढवीत नेणाऱ्या माणसाच्या हातापायांतही असाच ताठरपणा, संथपणा, कंप येऊ शकतो, आणि घरचे लोक म्हणत राहतात, "वय झालं आता, चालायचंच."

मात्रेचा हिशेब एकदा करून पाहू, म्हणजे भय किती आणि कोठे ते कळेल. रक्तदाबासाठी रेसर्पिनची गोळी दिवसाकाठी साधारण ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅमची असते. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग, आणि त्याचाही पाव. चांगल्या मुळीत हजार भागांना सुमारे एक ते दोन भाग रेसर्पिन असते. म्हणजे एक ग्रॅम चूर्णात एक ते दोन मिलिग्रॅम, ०.२५ मिलिग्रॅमच्या चार ते आठ गोळ्यांइतके! चहाचा एक चमचा चूर्ण म्हणजे एका ग्रॅमहून अधिकच. शिवाय मुळी कोणत्या रानातली, किती जुनी, कोणत्या हंगामात खणलेली, यावर प्रमाण बदलते. आजच्या पुडीत जेवढे होते तेवढे पुढच्या पुडीत असेलच असे नाही. पुडीत सर्पगंधाच आहे, याचीही खात्री देता येत नाही. अमेरिका खंडातून येऊन आपल्याकडे रस्त्याच्या कडेलाही माजलेली तिची एक बहीण आहे. तिची मुळे पुष्कळदा भेसळीला वापरतात.

तेव्हा ही मुळी किंवा तिची गोळी कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नये, ते स्पष्ट सांगतो. उदासीनतेचा आजार असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या माणसाने तर तिच्या वाटेलाच जाऊ नये. रेसर्पिनने जठरातले आम्ल वाढते, म्हणून पोटात व्रण असलेल्यांना ती वर्ज्य. कंपवाताच्या रुग्णाला ती उलटी पडते. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने ती घेऊ नये. हे द्रव्य वारेतून आणि दुधातून बाळापर्यंत पोचते, बाळाचे नाक चोंदते, ते मलूल होते. हृदयासाठी डिजिटॅलिस वर्गाचे औषध चालू असेल तर नाडी बिघडण्याचा संभव. उदासीनतेवरच्या काही औषधांशी तिचे मुळीच जमत नाही. मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांच्याबरोबर गुंगी वाढते. आणि ज्याला रक्तदाबाची दुसरी गोळी चालू आहे, त्याचा दाब दोन्ही मिळून इतका उतरू शकतो की, अंथरुणावरून उठताना घेरी येऊन तो पडेल. वृद्ध माणसाच्या मांडीचे हाड अशाच पडण्याने मोडते.

ही औषधे घेणाऱ्याचे नाक वारंवार चोंदू लागले, जुलाब होऊ लागले, नाडी फार मंद झाली, दिवसा पेंग येऊ लागली, तर ती साधी कुरकूर समजू नका. आणि हसतेखेळते माणूस गप्प गप्प राहू लागले, जेवणावरून, माणसांवरून त्याचे मन उडाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यांना घरी काय काय घेतले जाते ते सारे सांगा. पुडीदेखील बरोबर न्या. पुष्कळ रुग्ण डॉक्टरांना मुळीविषयी सांगत नाहीत. "ते काय औषध आहे होय?" असे त्यांना वाटते. गफलत होते ती येथेच.

१९७४ मध्ये या द्रव्याने स्त्रियांत स्तनाचा कर्करोग होतो की काय, अशी शंकाही निघाली होती. पुढील पाहण्यांतून तिला तसा दुजोरा मिळाला नाही. आता रेसर्पिनचा वापर एकंदरीतच कमी झाला आहे, कारण कमी त्रासाची दुसरी औषधे निघाली. जेथे ते अजून देतात तेथे अगदी थोड्या मात्रेत आणि देखरेखीखाली देतात. जाणते वैद्यही सर्पगंधा देताना रुग्णाची प्रकृती, नाडी आणि बरोबरची औषधे पाहूनच देतात. वैद्यांचे औषध आणि शेजाऱ्याची पुडी यांत फरक आहे तो हाच.

शेवटी त्या बिचाऱ्या झुडपाविषयी दोन शब्द. मुळी हवी तर झाड उपटावे लागते. फळ तोडावे आणि झाड राहावे, असे येथे होत नाही. जगाची मागणी वाढली तशी रानेच्या राने खणली गेली. १९९० मध्ये सर्पगंधेचे नाव संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात घालावे लागले. कोठे रानात लाल देठांची ती पांढरी फुले दिसली, तर पाहा, मुलांना दाखवा आणि तशीच राहू द्या. ज्यांना तिचा औषधासाठी उपयोग करायचा आहे, त्यांनी ती शेतात लावावी. तशी लागवड होऊ शकते.

सर्पगंधेला आपण भ्यावे असे नाही, तिला हिणवावे असे तर मुळीच नाही. तिने वेडाने पछाडलेल्यांच्या बेड्या सैल केल्या, रक्तदाबाने जाणारे प्राण वाचवले. पण अंगी सामर्थ्य असते त्याचा मान राखून वागावे लागते, मग तो माणूस असो की मुळी. झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही, असे पुन्हा कोणी म्हणाले, तर त्याला नम्रपणे एवढेच विचारा : ज्याने अपाय होऊच शकत नाही, त्याने गुण तरी कसा यावा? आणि पुडी परत करून, झोप का येत नाही ते डॉक्टरांना विचारायला सकाळी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांबरोबर तुम्ही स्वतः जा.